सोसायटीच्या बोअरला मीटर

मुंबईत ज्या गृहनिर्माण संस्थांच्या आवारात विहीर किंवा बोअर आहे, त्यांच्याकडे एका साध्या प्रश्नाचे उत्तर सहसा नसते: गेल्या वर्षभरात आपण जमिनीतून किती पाणी उपसले? महापालिकेच्या नळाला मीटर असतो, त्याचे वाचन होते, देयक येते, ते सभासदांच्या मासिक खर्चात दिसते आणि आकडा फुगला की कार्यकारिणीत त्यावर चर्चाही होते. विहिरीच्या बाबतीत यातले काहीच घडत नाही. पंपाचा वीजवापर जिन्यातले दिवे आणि लिफ्ट यांच्या वापरात मिसळून जातो, पंप कधी सुरू करायचा हे वॉचमनच्या सवयीवर ठरते आणि गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली की तो बंद केला जातो. माझे म्हणणे असे आहे की घरगुती वापराच्या प्रत्येक विहिरीला आणि बोअरला पाण्याचा मीटर असला पाहिजे, तो कायद्याच्या सक्तीची वाट न पाहता आपण स्वतःहून बसवला पाहिजे, आणि त्याबरोबर विहिरीतल्या पाण्याची पातळीही नियमाने मोजली पाहिजे. विलेपार्ल्यातल्या आमच्या संस्थेने हे काम सुरू केले आहे. संस्थेची सचिव या नात्याने त्यासाठी जे वाचले, मोजले आणि सभांमध्ये ऐकले, ते येथे सविस्तर मांडते आहे.

सुरुवात हिशेबापासून करावी लागते, कारण ‘आमच्या बोअरला भरपूर पाणी आहे’ या वाक्यावर आपला फार विश्वास असतो. मुंबईचा कातळ मुख्यतः दख्खनच्या लाव्ह्यातून झालेला, म्हणजे बेसाल्ट जातीचा आहे. वाळूच्या थरात असते तशी सलग पोकळी या खडकात नसते. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खालच्या कातळातल्या भेगांमध्ये. देशातल्या भूजलाचा अंदाज बांधण्याची जी अधिकृत पद्धत आहे, तीत झिजलेल्या किंवा भेगाळलेल्या बेसाल्टमधून उपसता येणारे पाणी खडकाच्या आकारमानाच्या साधारण दोन टक्के धरले जाते. एवढ्या एका आकड्यावरून आपल्या आवाराचा हिशेब घरबसल्या करता येतो. हजार चौरस मीटरच्या भूखंडाखाली पाण्याची पातळी एक मीटरने उतरली, तर त्या भूखंडाच्या हद्दीतून निघालेले पाणी असते वीस हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर.

आता त्याच भूखंडावर चाळीस सदनिकांची इमारत आहे आणि तीत १८० माणसे राहतात असे धरू. घरगुती वापराचे जे प्रमाण आपल्याकडे मानले जाते, ते माणशी दिवसाला १३५ लिटरचे आहे आणि त्यातले ४५ लिटर शौचालयाच्या फ्लशसाठी धरलेले असतात. बहुतेक संस्थांप्रमाणे या संस्थेनेही बोअरचे पाणी फक्त फ्लशसाठी वापरले, पिण्यासाठी किंवा आंघोळीसाठी एक थेंबही घेतला नाही, तरी रोजचा उपसा ८,१०० लिटर होतो आणि वर्षाचा साडेएकोणतीस लाख लिटरच्या पुढे जातो. मुंबईत पावसाळ्यात सरासरी सव्वादोन मीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे या भूखंडावर वर्षभरात पडणारे एकूण पाणी साडेबावीस लाख लिटर. आकाशातून त्या हद्दीत पडणारा प्रत्येक थेंब जरी जमिनीत मुरला, तरी नुसत्या फ्लशचा खर्च त्याने भागत नाही. आणि प्रत्येक थेंब मुरत नाहीच. बेसाल्टच्या मोकळ्या जमिनीत पावसाच्या साधारण दहा टक्के पाणी मुरते असे धरले, तर ते सव्वादोन लाख लिटर होते, जे फ्लशला जेमतेम चार आठवडे पुरेल. आपली आवारे मोकळी जमीन तरी कुठे राहिली आहेत? गाड्या उभ्या करण्यासाठी भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात आणि पावसाचे पाणी गटाराकडे वळवण्यासाठी त्यांना मुद्दाम उतार दिलेला असतो.

मग वर्षानुवर्षे बोअर चालतो कसा? तो चालतो, कारण पाणी शेजारच्या भूखंडाखालून, रस्त्याखालून, मैदानाखालून येते. काही अंशी ते महापालिकेच्या जलवाहिन्यांच्या गळतीतूनही येत असते. तुळशी, विहार, तानसा, मोडक सागर, ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या सात जलाशयांतून मुंबईला दिवसाला सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी मिळते. त्यातला मोठा हिस्सा गळती आणि चोरीत जातो हे महापालिकाही मान्य करते. रस्त्याखाली गळलेले पाणी कुठे ना कुठे मुरतेच. जे पाणी आपण ‘जमिनीचे’ म्हणून अभिमानाने उपसतो, त्यातला काही भाग शहापूर तालुक्यातून शहरापर्यंत आणलेले, शुद्ध केलेले आणि वाटेत हरवलेले पाणी असू शकते. गळके मैलावाहक नळही त्याच मुरमातून गेलेले आहेत, म्हणून शहरातल्या बोअरचे पाणी तपासणीशिवाय पिऊ नये असे सांगितले जाते.

या पाण्याचा पुढचा प्रवास त्याहूनही महत्त्वाचा आहे. तुलनेसाठी बाहेरचे एक उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात १९४५ च्या भूजल कायद्याने घरगुती विहिरींना परवान्यातून सूट दिली आणि दिवसाला ५,००० गॅलन, म्हणजे सुमारे १९,००० लिटरची मर्यादा घातली. एकेक विहीर लहान असल्यामुळे दशकानुदशके कोणी फारसे मोजले नाही. पुढे उन्हाळ्यात नद्यांचे प्रवाह घटू लागले, सामन माशांच्या अस्तित्वाचा प्रश्न उभा राहिला आणि काही खोऱ्यांत हिशेब मागणे भाग पडले. डंजनेस नदीच्या खोऱ्यात २०१३ पासून नव्या घरगुती विहिरीलाही मीटर बंधनकारक आहे. तिथल्या ग्रामीण घरांना सेप्टिक टाकी असते, घरात वापरलेले बरेचसे पाणी शोषखड्ड्यातून पुन्हा त्याच जमिनीत जाते आणि खरा तोटा हिरवळीवर शिंपडलेल्या पाण्यामुळे होतो. मुंबईत ती सोयही नाही. आपण फ्लश केलेले पाणी मैलावाहिनीतून उदंचन केंद्राकडे आणि तिथून प्रक्रियेनंतर खाडीत किंवा समुद्रात जाते. वरळी आणि वांद्र्याच्या वाहिन्या तर ते किनाऱ्यापासून तीन किलोमीटरहून अधिक आत नेऊन सोडतात. शहराच्या जमिनीतून उपसलेले पाणी परत जमिनीकडे येण्याची वाट आपण बांधलेलीच नाही, म्हणून येथे घरगुती उपसा हा जवळजवळ पूर्णपणे खर्च ठरतो. घरगुती विहिरींचा उपसा किरकोळ असतो हे म्हणणे इतर कुठे खरे असेल, मुंबईत ते टिकत नाही.

समुद्राचा मुद्दा आणखी एका कारणाने येथे आणावा लागतो. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण खारे पाणी सुमारे अडीच टक्क्यांनी जड असते. घायबेन आणि हेर्झबर्ग या दोन अभ्यासकांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार, समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी असते. उलट बाजूने पाहिले तर वरची पातळी एका मीटरने उतरली की खाली खाऱ्या पाण्याला चाळीस मीटर वर सरकण्याची मोकळीक मिळते. भेगाळलेल्या कातळात हे प्रमाण तंतोतंत लागू पडत नाही, परंतु दिशा तीच राहते. वेसावे, मढ, गोराई, मनोरी या किनारपट्टीच्या गावांतल्या जुन्या माणसांना विहिरीचे पाणी मचूळ होणे म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. एकदा मचूळ झालेली विहीर पुन्हा गोडी व्हायला अनेक पावसाळे लागतात आणि उपसा तसाच सुरू राहिला तर ती गोडी होतही नाही. शंभर मीटर खोल बोअर घेणाऱ्या किनाऱ्याजवळच्या संस्थेने हे लक्षात ठेवावे की तिच्या बोअरचा तळ समुद्रसपाटीच्या कितीतरी खाली असतो.

मुंबईचा आणि विहिरींचा संबंध जुना आहे. १८६० मध्ये विहारचे पाणी येईपर्यंत हे शहर विहिरी आणि तलावांवर जगत होते. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही नावे राहिली आणि तलाव बुजले. चर्चगेटजवळची भिका बेहराम विहीर १७२५ पासून समुद्राच्या इतक्या जवळ असूनही गोड्या पाण्याची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलेरियाने शहराला ग्रासले, तेव्हा डॉ. बेंटली यांनी १९११ च्या अहवालात घराघरांतल्या विहिरींमध्ये वाढणाऱ्या डासांकडे बोट दाखवले आणि पुढच्या काळात असंख्य विहिरी बुजवल्या गेल्या किंवा झाकल्या गेल्या. रोगाच्या दृष्टीने तो निर्णय योग्य होता. मात्र तेव्हापासून शहराच्या प्रशासनाने विहिरीकडे प्रामुख्याने डासांच्या अंगाने पाहिले. झाकण नीट आहे का, पाण्यात अळ्या आहेत का, हे तपासले जाते, आणि ते तपासलेच पाहिजे. विहिरीतून किती पाणी जाते आणि पातळी कुठे आहे, हे विचारण्याची सवय मात्र कोणत्याच खात्याला लागली नाही.

कायद्याची स्थितीही या सवयीला पोषकच राहिली. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याने, निश्चित प्रवाहात नसलेले जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा आणि त्याचा विनियोग करण्याचा जमीनमालकाचा हक्क मान्य केला. बैलांच्या मोटेने आणि रहाटाने जेवढे पाणी निघत असे, तेवढ्यापुरते ते ठीक होते. सबमर्सिबल पंपाला कुंपणाची भिंत दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर १९९७ मध्ये केंद्रीय भूजल प्राधिकरण स्थापन झाले. महाराष्ट्राने २००९ चा भूजल अधिनियम केला, त्यात साठ मीटरपेक्षा खोल विहिरींचा वेगळा विचार केला आणि विहिरींच्या नोंदणीची तरतूद केली. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी उद्योग, पायाभूत प्रकल्प आणि टँकरने पाणी विकणारे यांना ना-हरकत प्रमाणपत्र आणि छेडछाड न करता येणारा डिजिटल मीटर बंधनकारक केला, तर व्यक्तिगत घरगुती वापराला परवानगीतून सूट दिली.

ही सूट मला योग्य वाटते. चार माणसांच्या घराला आपल्या परसातल्या विहिरीतून पाणी काढण्यासाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागणे अन्यायाचे आहे, आणि अशा परवान्यांतून पाणी वाचण्याऐवजी मध्यस्थांचीच सोय होते. परंतु परवानगीतून सूट मिळाली म्हणजे मोजण्यातूनही सूट मिळाली असे आपण गृहीत धरले, ते चुकीचे आहे. चाळीस, ऐंशी, दीडशे सदनिकांच्या संकुलाने स्वतःला एका कुटुंबाच्या विहिरीच्या रांगेत बसवणे तर मुळीच पटणारे नाही.

एप्रिल २०२५ मध्ये या न मोजण्याची किंमत सगळ्या शहराने पाहिली. टँकरना पाणी देणाऱ्या विहिरींच्या मालकांना केंद्रीय प्राधिकरणाच्या प्रमाणपत्रासंबंधी नोटिसा गेल्या, टँकरचालकांनी १० एप्रिलपासून संप पुकारला, ऐन उन्हाळ्यात अनेक संकुलांचे आणि बांधकामांचे पाणी अडले, आणि अखेरीस महापालिकेला आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेऊन टँकर आणि विहिरी ताब्यात घेण्याची तयारी करावी लागली. काही दिवसांत संप मिटला आणि नियमांच्या अंमलबजावणीला मुदत मिळाली. त्या वेळच्या चर्चेत टँकरमाफिया हा शब्द सगळीकडे ऐकू आला, पण टँकरच्या पाण्यावर अवलंबून असलेली माणसे आपणच आहोत आणि कोणत्या विहिरीतून किती उपसा चालतो याची खात्रीशीर माहिती कोणाच्याच हाती नाही, याविषयी फारसे बोलले गेले नाही. विक्रीसाठी उपसल्या जाणाऱ्या विहिरींना मीटर आधी लागला पाहिजे, यात मला शंका नाही. त्यांचा उपसा आपल्यापेक्षा कितीतरी पट आहे. परंतु त्यांच्याकडे बोट दाखवताना आपल्या बोअरचा आकडा आपल्याला सांगता आला पाहिजे.

आमच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय आला, तेव्हा पहिली हरकत अपेक्षित होती. ‘आज मीटर लावाल, उद्या त्यावर पट्टी बसेल’ असे अनेकांनी म्हटले. ही भीती निराधार नाही, म्हणून तिला उडवून लावू नये. घरगुती मर्यादेतल्या उपशावर कर लावण्याच्या मी विरोधात आहे आणि तसे सभेत स्पष्टपणे सांगितले. पण मीटर नसल्याने पट्टी टळते हा समज खोटा आहे. आकडा नसेल तर प्रशासन पंपाच्या अश्वशक्तीवरून, बोअरच्या खोलीवरून किंवा सदनिकांच्या संख्येवरून अंदाज बांधते आणि असा अंदाज नेहमी काटकसरीने वागणाऱ्याच्या विरोधात जातो. दुसरी हरकत एका ज्येष्ठ सभासदांची होती, ते आयुष्यभर यंत्रांमध्ये काम केलेले आहेत. ते म्हणाले, ‘‘सचिवबाई, मीटरने पाणी वाचत नाही, माणसाने नळ बंद केला तर वाचते.’’ हे खरेच आहे, आणि म्हणून मीटर बसवून विसरून जाण्यात काही अर्थ नाही असे आम्ही त्याच ठरावात लिहून घेतले. दर महिन्याचे वाचन सूचनाफलकावर लावायचे, त्याखाली माणशी रोजचा वापर काढून लिहायचा, आणि ते काम कार्यकारिणीतल्या एका सभासदाकडे नावानिशी द्यायचे, असे ठरले.

आकडे फलकावर येऊ लागल्यावर जे समोर आले, ते कोणालाही सुचले नव्हते. फ्लशसाठीचा माणशी वापर अपेक्षित पंचेचाळीस लिटरच्या बराच वर होता. शोध घेतला तेव्हा एका विंगच्या टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह अडकून रात्रभर पाणी वाहून जात असल्याचे आढळले, आणि काही घरांच्या फ्लश टाक्यांतून बारीक धार सतत चालू होती. आवाज न करता वाहणारी ती धार घरातल्यांना वर्षानुवर्षे दिसली नव्हती, कारण तिचे बिल कधी आलेच नव्हते. वॉशर बदलण्याचा खर्च किरकोळ होता आणि तो संस्थेने केला.

मीटर बसवण्याच्या तंत्राबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण बहुतेक संस्था येथेच फसतात. मीटर बोअरच्या पंपातून वर येणाऱ्या नळावरच असावा, टाकीतून खाली उतरणाऱ्या नळावर नको, नाहीतर टाकीतून वाहून गेलेले पाणी मोजलेच जात नाही. पंपानंतर उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह, मग जाळी, मग मीटर असा क्रम ठेवावा. बोअरच्या पाण्यात बारीक वाळू आणि दगडाचा भुगा येतो आणि जाळी नसेल तर चाकाचा यांत्रिक मीटर काही महिन्यांत अडकतो. मीटरच्या आधी नळाच्या व्यासाच्या साधारण दहापट आणि नंतर पाचपट लांबीचा सरळ नळ असावा, कारण वळणालगत बसवलेला यांत्रिक मीटर अचूक मोजत नाही. नळात हवा अडकत असेल तर मीटर हवाही मोजतो, म्हणून मीटरच्या भागात नळ कायम भरलेला राहील अशी जागा निवडावी. हलते भाग नसलेले अल्ट्रासॉनिक किंवा विद्युतचुंबकीय मीटर वाळूच्या पाण्यासाठी चांगले, मात्र ते महाग पडतात. लहान संस्थेने जाळी नियमाने साफ करण्याची जबाबदारी घेतली तर साधा मीटरही काम देतो. दोनशे लिटरचे पिंप भरायला लागणारा वेळ मोजून मीटरचे वाचन खरे आहे का, हे वर्षातून एकदा तपासून घ्यावे.

ज्यांना मीटरचा खर्च आज परवडत नाही, त्यांनी निदान पंपाच्या पॅनेलवर तास मोजणारे यंत्र बसवून घ्यावे. पिंपाच्या पद्धतीने पंपाचा दर मिनिटाचा विसर्ग काढला आणि त्याला चाललेल्या तासांनी गुणले, तर बऱ्यापैकी अंदाज मिळतो, फक्त पातळी उतरली की विसर्ग घटतो, म्हणून ऋतुमानाप्रमाणे तो पुन्हा मोजावा लागतो. पंपासाठी वेगळा वीज उपमीटर असेल तर आणखी एक उपयुक्त आकडा हाती येतो. हजार लिटरमागे लागणारी युनिटे महिन्यागणिक वाढत असतील, तर एकतर पंप झिजला आहे किंवा पाणी खोल गेले आहे.

पाणी खोल गेले की नाही हे थेट पाहण्यासाठी पातळी मोजावी लागते, आणि माझ्या मते हे काम मीटरइतकेच महत्त्वाचे आहे, कारण मीटर फक्त आपला खर्च सांगतो, शिल्लक सांगत नाही. उघड्या विहिरीत वजन बांधलेली खुणांची दोरी पुरते. बोअरमध्ये पंपाच्या नळाशेजारी एक बारीक नळी सोडून घ्यावी आणि तीतून पाण्याला टेकताच आवाज करणारी टेप उतरवावी. पंप रात्रभर बंद ठेवून सकाळी मोजलेली पातळीच खरी मानावी. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, तोच क्रम आम्ही घेतला आहे: जानेवारी, उन्हाळा, ऑगस्ट आणि नोव्हेंबर. त्याच दिवशी बाजारात सहज मिळणाऱ्या लहान यंत्राने पाण्यातल्या क्षारांचे प्रमाणही लिहून ठेवतो. ते प्रमाण दर उन्हाळ्यात वाढून पावसानंतर खाली येत असेल तर चिंता कमी, आणि पावसानंतरही खाली येत नसेल तर उपसा कमी करण्याची वेळ आली आहे असे समजावे.

पर्जन्यजल संचयन मुंबईत मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना २००२ पासून बंधनकारक आहे. पुष्कळ ठिकाणी त्याचे खड्डे गाळाने भरले आहेत आणि त्यांच्यावर गाड्या उभ्या आहेत. पुनर्भरणाचा खड्डा काम करतो की नाही, हे कळण्याचा मार्गही पातळीच्या नोंदीतूनच जातो.

एका संस्थेच्या आकड्याला मर्यादा आहे, कारण आपण पाहिले तसे पाणी हद्दीबाहेरून येते. हिवरे बाजारने अनेक वर्षांपूर्वी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी मोजायची, आणि शिल्लक पाहून कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचे. शेतीच्या पाण्यासाठी बोअर घ्यायचा नाही हा निर्णयही त्या गावाने सर्वांच्या संमतीने घेतला. मुंबईच्या अगदी शेजारी, वसईत, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हरित वसई संरक्षण समितीने विहिरींचे पाणी, बावखले म्हणजे गोड्या पाण्याची लहान तळी, आणि शेती वाचवण्यासाठी लढा उभारला होता. तेथे लोकांना हे ठाऊक होते की एका वाडीतल्या विहिरीचा बेसुमार उपसा शेजारच्या वाडीची विहीर कोरडी करतो. शहरात गल्लीतल्या दहा संस्थांना एकमेकींच्या बोअरची खोलीसुद्धा माहीत नसते. आम्ही आमच्या रस्त्यावरच्या संस्थांना एक साधा तक्ता दिला आहे: महिन्याचा उपसा, रहिवाशांची संख्या, पातळी, क्षार. काही संस्थांनी तो भरायला सुरुवात केली आहे, काहींनी अजून उत्तर दिलेले नाही, आणि एका संस्थेने पातळी देऊ पण उपसा सांगणार नाही असे कळवले आहे. तेही आम्ही स्वीकारले, कारण शेजाऱ्याची पातळी कळली तरी अर्धे चित्र स्पष्ट होते.

या तक्त्यातून सर्वांत आधी जी गोष्ट वर आली, ती आमच्यापैकी कोणाच्याही घरगुती वापराशी संबंधित नाही. पार्ल्यात पुनर्विकासाची कामे जोरात आहेत आणि दोन-तीन मजली तळघरांसाठी खोल खोदकाम होते. पाया कोरडा ठेवण्यासाठी अशा खड्ड्यातून दिवसरात्र पाणी उपसून पर्जन्यजल वाहिनीत सोडले जाते. ज्या संस्था अशा खोदकामाजवळ आहेत, त्यांची पातळी इतरांपेक्षा अधिक उतरलेली दिसते. एवढ्या थोड्या नोंदींवरून कारण सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही, पण चौकशीला आधार नक्कीच मिळतो. २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत बांधकामाच्या अशा उपशाचे मोजमाप डिजिटल मीटरने करून आकडे प्राधिकरणाला कळवण्याची अट आहे. त्या अटीचे पालन कोणत्या खोदकामात होते, किती पाणी उपसले गेले, आणि ते गटारात सोडण्याऐवजी शेजारच्या मैदानातल्या पुनर्भरण खड्ड्यात किंवा टँकरमधून बांधकामाच्याच कामाला वापरता येईल का, हे विचारणारे पत्र आम्ही विभाग कार्यालयाला देत आहोत. पत्रासोबत आमच्या स्वतःच्या बोअरचे उपशाचे आणि पातळीचे सर्व आकडे जोडले आहेत. इतर संस्थांनीही सह्या करताना आपापले तक्ते जोडावेत अशी विनंती केली आहे. नोव्हेंबरची पातळी मोजून झाली की ते तक्ते पूर्ण होतील आणि त्याच आठवड्यात पत्र कार्यालयात जाईल.